सगळे दिवे एकदम लागतात तेव्हा

मंडळी, मी कधी मोटारगाडीवर लिहीन असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. घरात चारचाकी कधी आली नाही. यांची बजाज चेतक होती, ती २००६ साली विकली तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते, एवढाच माझा आणि गाड्यांचा संबंध. पण २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या घरात एका गाडीवरून जे रामायण घडलं, ते लिहून ठेवायला हवं असं अजून वाटतं. नातेवाइकांपैकी काही जणांना अर्धी गोष्ट माहीत आहे. उरलेली अर्धी आज सांगते, कारण त्यात माझीही चूक आहे.

गाडी माझ्या बदलापूरच्या भाच्याची. २०११ चं मॉडेल, परदेशी बनावटीची, चारही चाकांना ताकद असलेली, डोंगरात चढणारी, आत कातडी गाद्या. नवी असताना तिची किंमत ऐकली असती तर मला घेरी आली असती. भाच्याने ती २०१८ साली सेकंडहँड घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा सगळ्याच गाड्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने सारखी असते, आणि मला भांडायचंय ते कंपनीशी नाही.

पुष्कळांनी त्याला नावं ठेवली. अंथरूण पाहून पाय पसरावेत वगैरे. पण गाडी घेण्यामागे एक कारण होतं. माझ्या ताईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. छोट्या गाडीत ती बसली तर उठता येत नाही आणि उंच जीपमध्ये चढता येत नाही. या गाडीला स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्या आहेत. एक बटण दाबलं की गाडी उंटासारखी खाली बसते, चांगली दोन इंच. ताई आरामात आत जाते, मग गाडी उठून उभी राहते. एकोणऐंशी वर्षांची माझी बहीण त्या गाडीमुळे घराबाहेर पडते, नाहीतर तिचं जग म्हणजे खिडकी आणि टीव्ही.

तर २०२४ च्या जुलैमध्ये एका रात्री भाचा ताईला कल्याणहून डॉक्टरांना दाखवून घरी नेत होता. पाऊस मी म्हणत होता. अंबरनाथचा फॉरेस्ट नाका आला आणि गाडीच्या समोरच्या पट्टीवर दिवे लागायला लागले. ब्रेकचा, घसरण रोखणाऱ्या यंत्रणेचा, सस्पेन्शनचा, गिअरबॉक्सचा, उतारावर वेग धरून ठेवणाऱ्या यंत्रणेचा, हँडब्रेकचा. वर टुंग टुंग आवाज. गाडी आपोआप खाली बसली आणि एकाच गिअरमध्ये अडकली. मागून टँकर हॉर्न मारतोय आणि ताई आत रामरक्षा म्हणतेय. कसाबसा कडेला आला, गाडी बंद केली, पाच मिनिटांनी परत चालू केली, तर एकही दिवा नाही! जणू काही झालंच नव्हतं.

पुढच्या आठ दिवसांत हे तीनदा झालं. ताईने गाडीत बसायला नकार दिला.

आता यात माझा संबंध कसा, तर तीनच आठवडे आधी गाडीची बॅटरी बदलली होती आणि ती माझ्या सांगण्यावरून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने बदलली होती. त्याचं अंबरनाथच्या बाजूला गॅरेज आहे. दहावीनंतर आयटीआय केलं, मग बारा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबून स्वतःचं उभं केलं. ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. आजही रस्त्यात दिसला तर गाडी थांबवून "बाई" म्हणून पाया पडतो.

भाचा गाडी मोठ्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेला. त्यांनी लॅपटॉप जोडला, स्कॅन केलं आणि कागद हातात दिला. तेवीस दोष! त्याखाली खर्चाचा अंदाज. ब्रेकचं कंट्रोल युनिट, सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर, गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट, मजुरी आणि कर धरून ४ लाख ८० हजार रुपये. वर तोंडी सांगितलं, "बाहेरच्या मेकॅनिकने हात लावलेला दिसतोय."

झालं. भाच्याच्या लेकीची कॉलेजची फी त्याच महिन्यात भरायची होती. तो माझ्याकडे आला तो रागाने लाल होऊनच. कागद टेबलावर टाकला आणि म्हणाला, "मावशी, तुझ्या विद्यार्थ्याने माझी गाडी जाळली."

इथे माझी चूक. मी तो कागद पाहिला. छापील, तेवीस ओळी, प्रत्येक ओळीपुढे अक्षर आणि आकडे. मला त्यातलं काहीही कळत नव्हतं, पण छापलेलं आहे म्हणजे खरं असणार असं वाटलं. मी लगेच विद्यार्थ्याला फोन लावला आणि वर्गात वापरायचे त्या आवाजात विचारलं, "खरं सांग, काय केलंस?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाई, कागदावर माझं नाव लिहिलंय का?"

मला उत्तर देता आलं नाही. मी फोन ठेवला.

आमचे हे अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला ३५ वर्षं होते. गाड्यांचं त्यांना विशेष काही माहीत नाही, पण वीज माहीत आहे. आता हात थरथरतो, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत. त्यांनी भिंग घेऊन तो कागद अर्धा तास वाचला आणि मला म्हणाले, "अगं, आपली बॅरेकची खोली आठवते का?"

आठवते तर! मी १९७४ साली लग्न होऊन कॅम्प पाचला आले तेव्हा आम्ही बॅरेकमध्ये राहायचो. ज्यांना उल्हासनगर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना त्याच बॅरेकींमध्ये वसवलं आणि १९४९ साली गावाचं नाव उल्हासनगर झालं. म्हणून आमच्याकडे पत्त्यात अजूनही पेठा नाहीत, कॅम्प आहेत. एका लांबलचक बॅरेकीत मधे भिंती घालून अनेक बिऱ्हाडं राहत. तर त्या खोलीत एका संध्याकाळी पंखा हळू फिरायला लागला, बल्ब पिवळा पडला, ट्यूब लुकलुकायला लागली आणि रेडिओ गुणगुणायला लागला. मी म्हटलं पंखा गेला, ट्यूब गेली, रेडिओही गेला, आता पगार होईपर्यंत अंधारात बसा. हे स्टुलावर चढले, मीटरपाशी एक सैल झालेली न्यूट्रलची वायर घट्ट केली आणि सगळं एकदम ठीक झालं. तेव्हा मला म्हणाले होते, "चार वस्तू एकदम आजारी पडत नाहीत. त्यांच्यात सामाईक काय आहे ते बघायचं."

गाडीतही तेच, हे म्हणाले. कागदावरच्या बहुतेक ओळींत दोनच गोष्टी वेगवेगळ्या शब्दांत लिहिल्या होत्या. एक, व्होल्टेज कमी. दोन, अमुक युनिटशी संपर्क तुटला. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, दोष नोंदवला तेव्हा गाडी किती किलोमीटर चालली होती तो आकडा बावीस ओळींपुढे एकच होता. तेवीस दोष वेगवेगळ्या वेळी आले नव्हते. बावीस जण एकाच क्षणी ओरडले होते.

मग दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून यांना घेऊन विद्यार्थ्याच्या गॅरेजवर गेले. भाच्याला गाडी घेऊन तिथेच बोलावलं. तो यायला तयार नव्हता. ताईने त्याला पाठवलं. दोघे एकमेकांकडे बघत नव्हते. मी आधी विद्यार्थ्याला म्हटलं, "काल मी तुला न विचारताच गुन्हेगार ठरवलं. चुकलं माझं." तो म्हणाला, "बसा बाई, खुर्ची पुसून देतो."

पुढे जे पाहिलं ते मला समजलं तसं सांगते. जाणकारांनी चूक काढली तर दुरुस्त करीन.

पूर्वी गाडीत प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मोटरला वेगळी वायर असे. गाडीत यंत्रणा वाढल्या तशी वायरींची जुडी एवढी जाड झाली की ती गाडीत मावेना. १९८६ साली जर्मनीच्या बॉश कंपनीने एक नवी पद्धत जाहीर केली, तिला कॅन म्हणतात. यात एकमेकींना पीळ दिलेल्या दोनच वायरी गाडीभर फिरतात आणि इंजिन, ब्रेक, गिअरबॉक्स, सस्पेन्शन यांची छोटी कॉम्प्युटर युनिटं त्याच दोन वायरींवर बोलतात. बॅरेकीच्या सामाईक ओट्यासारखं आहे हे. जो बोलतो ते सगळ्यांना ऐकू जातं, ज्याला गरज असेल तो घेतो. दोघे एकदम बोलायला लागले तर ज्याचा निरोप जास्त महत्त्वाचा त्याला आधी वाट मिळते. महागड्या गाडीत अशा एकाहून जास्त जोड्या असतात.

आता चाक किती वेगाने फिरतंय हे ब्रेकचं युनिट मोजतं आणि ओट्यावर सांगतं. गिअरबॉक्स ते ऐकून गिअर बदलतो, सस्पेन्शन ते ऐकून उंची ठरवतं, उतारावरची यंत्रणा ते ऐकून ब्रेक लावते. समजा ब्रेकचं युनिट एक क्षण गप्प झालं. मग हे तिघेही म्हणतात, "मला माहिती मिळत नाही, मी काम बंद करतो," आणि आपापला दिवा लावतात. त्यांचं स्वतःचं काहीच बिघडलेलं नसतं. दिवा कोणाचा लागला त्यावरून दुखणं कुठे आहे ते कळत नाही, कोणाला त्रास झाला एवढंच कळतं.

स्कॅनरच्या कोडमध्येही ही खूण असते. प्रत्येक कोड एका इंग्रजी अक्षराने सुरू होतो. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक, सस्पेन्शन वगैरे खालचा भाग, बी म्हणजे गाडीचा सांगाडा आणि आतल्या सोयी, आणि यू म्हणजे युनिटांचा आपसातला संपर्क. यू चे कोड ढिगाने आले असतील तर एकेक युनिट बदलायच्या आधी त्यांना वीज नीट पोचतेय का आणि त्या दोन वायरी धड आहेत का, ते बघायला हवं. आमच्या कागदावर तेवीसपैकी चौदा यू होते. ते मीसुद्धा मोजू शकले असते, पण मोजायचं असतं हेच माहीत नव्हतं.

विद्यार्थ्याने मीटर काढला. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. इंजिन चालू केल्यावर १४.२, म्हणजे अल्टरनेटर ठीक. मग बॅटरीची वायर सोडवून त्या पीळवाल्या जोडीचा रोध मोजला, तो ६० ओहम. दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रोधक असतात, त्यामुळे दोन्ही मिळून ६० दिसले की जोडी शाबूत. तोही ठीक. भाच्याचं तोंड अजून वाकडंच होतं. "मग बिघडलंय काय?"

हे म्हणाले, "विजेचा जायचा रस्ता बघितलात, यायचा बघा."

मला हे नवीन होतं. घरात परतीची वेगळी वायर असते. गाडीत परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडाच. बॅटरीची निगेटिव्ह वायर सांगाड्याला जोडलेली असते आणि प्रत्येक युनिटची काळी किंवा तपकिरी वायर जवळच्या एखाद्या बोल्टला. यालाच अर्थ म्हणतात. नुसता मीटर लावून अर्थ तपासला तर बहुतेक वेळा ठीकच दिसतो, कारण मीटरला पुरेसा करंट जायला एक बारीक धागाही चालतो. खरी परीक्षा लोड टाकून घ्यायची. इंजिन चालू, हेडलाइट चालू, पंखा पूर्ण, मागच्या काचेचा हीटर चालू. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं प्रत्येक अर्थच्या थिंबलवर. दोन्ही टोकं एकाच वाटेवर आहेत, म्हणजे आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. पॉइंट एक, पॉइंट दोन इथपर्यंत चालतं.

पहिला बोल्ट ०.०५. दुसरा ०.०८. तिसरा पुढच्या डाव्या चाकाच्या वर, प्लॅस्टिकच्या कव्हरमागे. ते कव्हर काढायलाच अर्धा तास गेला. तिथे मीटरने १.२ दाखवले. हे खुर्चीतून उठून उभे राहिले.

बोल्ट वरून काळा दिसत होता, ठीकठाक. सोडवला तर खाली सगळं हिरवं. थिंबलला कार्बन धरलेला, निम्म्या तारा कुजलेल्या. आणि त्या बोल्टवर अर्थ होता ब्रेकच्या युनिटचा.

मी विचारलं, एक व्होल्टाने असं काय होतं? विद्यार्थ्याने छान सांगितलं. "बाई, पट्टीचं शून्य झिजलं तर सगळी मापं चुकतात ना, तसं." सेन्सरचे निरोप बहुधा शून्य ते पाच व्होल्टमध्ये येतात. आपलं शून्यच एक व्होल्ट वर सरकलं तर युनिटला सगळं जग खोटं दिसतं. त्यात पाऊस, हेडलाइट, वायपर, पंखा सगळं एकदम चालू असलं की व्होल्टेज आणखी उतरतं आणि युनिट क्षणभर बंद पडून परत सुरू होतं. म्हणून रात्री पावसात व्हायचं आणि सकाळी उन्हात वर्कशॉपमध्ये गाडी सुतासारखी सरळ.

हे सगळं आलं कुठून? भाच्याच्या मग लक्षात आलं. २७ जुलै २०१९. त्या दिवशी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, हजारावर प्रवाशांना बोटींनी आणि हेलिकॉप्टरच्या मदतीने वाचवावं लागलं, सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्याच दिवशी भाच्याच्या सोसायटीत ही गाडी दारापर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरलं, धुतली, वाळवली, चालू झाली, सगळे खूश. पाच वर्षं तो बोल्ट आतून कुजत राहिला. आम्हा उल्हासनगर-बदलापूरवाल्यांना २६ जुलै २००५ पासून एवढं कळायला हवं होतं की पाणी ओसरलं म्हणजे पूर संपला असं नसतं. घरांच्या भिंती आम्ही तपासल्या, गाड्यांचे बोल्ट कोण तपासतो?

मग मी विद्यार्थ्याकडे पाहिलं. तो स्वतःहून म्हणाला, "बाई, बॅटरी बदलताना टर्मिनलला हिरवं दिसलं होतं. वरचं साफ केलं. खाली बघायला पाहिजे होतं, नाही बघितलं." त्याने हे सांगितलं नसतं तरी कोणाला कळलं नसतं. त्याने गाडी जाळली नव्हती. पण एक खूण दिसूनही तो पुढे गेला, हेही खरं.

बोल्टची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, कुजलेला तुकडा कापून नवं थिंबल दाबलं, घट्ट केलं, वरून व्हॅसलीन लावलं. परत मोजलं तर ०.०४. सामानाचा खर्च शंभर रुपयांच्या आत. मग सगळे कोड पुसले आणि भाच्याने गाडी बदलापूरपर्यंत नेऊन आणली. परत स्कॅन केलं. तेवीसचा एक झाला होता.

हो, एक उरला. तेवीस ओळींत ज्या एका ओळीपुढे वेगळा किलोमीटरचा आकडा होता तोच, पुढच्या डाव्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर. तो खरंच खराब होता, तो बदलला, काही हजार गेले. हे मी मुद्दाम लिहितेय, नाहीतर लोक म्हणतील की बाईंनी सांगितलंय, सगळं नेहमी अर्थमुळेच होतं. तसं नाही. आधी सामाईक दुखणं काढायचं, कोड पुसायचे, गाडी चालवायची आणि जो परत येतो त्याला खरा मानायचं.

मला यावरून माझा नववीचा एक वर्ग आठवला. सहामाहीत व्याकरणाचा एक प्रश्न जवळजवळ सगळ्यांनी चुकवला. भावे प्रयोगाचं उदाहरण म्हणून पोरांनी एकजात "मुलांनी आंबे खाल्ले" लिहिलं. मी संतापले, सगळ्यांना दहा दहा वेळा लिहायला लावलं. शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, "अहो, चाळीस मुलं एकच चूक करतात म्हणजे ती चाळीस जणांची नसते." मी एका मुलीची वही उघडली. फळ्यावर मीच तो कर्मणी प्रयोग भावेच्या रकान्यात लिहिला होता! एका मुलाने मात्र प्रश्नच सोडला होता, त्याने खरंच अभ्यास केला नव्हता. तेवीसातला एक. माझा हा विद्यार्थी त्या वर्गात नव्हता, बरंच झालं.

आता मला जे म्हणायचंय ते.

वर्कशॉपवाले चोर आहेत असं मी म्हणणार नाही. मला त्यांचा तो मुलगा दोषी वाटत नाही. त्याच्यापुढे दिवसाला कितीतरी गाड्या येतात. यंत्र म्हणालं अमुक युनिटशी संपर्क नाही, त्याने ते युनिट लिहिलं. सुटा भाग बसवला की बिलात एक ओळ येते. पण दोन तास शोधलं आणि एक बोल्ट घासला, तर बिलात काय लिहायचं? आणि लिहिलं तर गिऱ्हाईक देणार आहे का?

आमचंच बघा ना. काम झाल्यावर भाच्याने खिशातून पाचशेची नोट काढली. विद्यार्थी म्हणाला राहू दे. हे म्हणाले, राहू दे नाही, बिल कर. त्याने संकोचत लिहिलं, सामान ९० रुपये, तपासणी मजुरी १५०० रुपये. भाचा पटकन बोलून गेला, "बोल्ट घासायचे पंधराशे?" ज्या माणसाने आदल्या दिवशी पावणेपाच लाखांचा कागद निमूटपणे खिशात घातला होता, त्याला पंधराशे जास्त वाटले! कारण त्या कागदात वस्तू होत्या. खोकी येणार होती. इथे हातात काहीच आलं नाही, फक्त दुखणं कळलं.

आपण सगळे असेच आहोत. डॉक्टरने नीट तपासून "काही नाही, दोन दिवस विश्रांती घ्या" म्हटलं की आपल्याला फी जड जाते. इंजेक्शन दिलं की समाधान होतं. शोधणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत आणि मग कोणी शोधत नाही म्हणून ओरडायचं. त्यात आमच्या कॅम्पची आणखी एक गंमत. इथे कुठलाही भाग मिळतो. "मेड इन यूएसए" म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद आम्ही स्वतःवर करतो आणि त्यात आमचा अभिमानही आहे, कारण इथल्या माणसाने निर्वासित म्हणून येऊन शून्यातून वस्तू बनवायला घेतल्या. पण जिथे कुठलाही भाग तासाभरात मिळतो तिथे भाग बदलून बघायचा मोह फार. हा बदलून बघ, नाही झालं तर तो. याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

यंत्राविरुद्धही माझं काही नाही. स्कॅनर नसता तर तो किलोमीटरचा आकडा आम्हाला कुठून दिसला असता? पण स्कॅनर साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. त्याने सांगितलेलं माणसाने वाचायला हवं. मी तर न वाचताच निकाल दिला होता.

ज्यांच्याकडे अशी जुनी मोठी गाडी आहे त्यांच्यासाठी यांनी सांगितलेल्या चार गोष्टी. लाल दिवा लागला तर गाडी सुरक्षित जागी थांबवा, वाद घालू नका. पिवळा असेल तर जपून घरी जा. बंद करण्याआधी सगळ्या दिव्यांचा फोटो काढा आणि पाऊस होता का, काय काय चालू होतं ते लिहून ठेवा, कारण वर्कशॉपमध्ये गाडी शहाण्यासारखी वागते. स्कॅनचा कागद मागून घ्या. कुठलंही युनिट बदलायच्या आधी लोड टाकून बॅटरी आणि अर्थ मोजले का ते विचारा. आणि पिवळ्या आवरणातल्या वायरींना, पिवळ्या जोडांना घरी हात लावू नका, त्या सहसा एअरबॅगच्या असतात.

भाच्याने पंधराशे नव्वद दिले. शिवाय विद्यार्थ्याला म्हणाला, "मी बोललो ते मनात ठेवू नका." तो म्हणाला, "चहा घेऊन जा." एवढंच. आपल्याकडे माफी अशीच मागतात आणि अशीच देतात.

पुढच्या रविवारी ताई आमच्याकडे कॅम्प पाचला जेवायला आली. मी गॅलरीतून बघत होते. गाडी थांबली, खाली बसली, ताई काठी टेकत उतरली, आणि वर बघून म्हणाली, "अगं, एकही दिवा लागला नाही हो!"

तुम्हालाही कधी असं वाटलं असेल की घरातलं सगळं एकदम बिघडलं, आणि नंतर कळलं असेल की बिघडलं होतं एकच, तर जरूर कळवा. यांना वाचून दाखवीन.